टोल रस्त्यावरच्या पाटीवर कोणतं गाव लिहावं?

दिगंत:
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय. टोल भरून आपण ज्या रस्त्याने जातो, त्यावरच्या मोठ्या दिशादर्शक पाट्यांवर नेमकं कोणतं गाव लिहावं? आणि ते कोणी ठरवावं?

आधी थोडा हिशोब. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते. अमेरिकेत रस्त्यांवरच्या पाट्यांचं जे नियमपुस्तक आहे, एमयूटीसीडी, त्यात अक्षराच्या दर इंच उंचीमागे ३० फूट अंतरावरून वाचता येतं असं धरलंय. म्हणजे १६ इंची, साधारण ४० सेंटीमीटर उंचीचं अक्षर १४५ मीटरवरून वाचता येऊ लागतं. हातात उरतात चार-साडेचार सेकंद. त्यातही गाडी जवळ आली की शेवटचे काही मीटर पाटी छताआड जाते. एवढ्या वेळात नाव वाचायचं, ते आपल्या कामाचं आहे का हे ठरवायचं, आरसा बघायचा आणि लेन बदलायची.

साध्या रस्त्यावर चुकलं तर पुढच्या चौकातून वळून येता येतं. टोल रस्त्यावर, त्यातही चढताना तिकीट घ्यायचं आणि उतरताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे अशी बंद पद्धत असेल तर, पुढचा फाटा येईपर्यंत सुटका नाही. जास्तीचं अंतर, जास्तीचा टोल, आणि परत फिरताना पुन्हा टोल. इथे पाटी चुकली की भुर्दंड वाहनचालकाला पडतो, पाटी लावणाऱ्याला नाही. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

माझं मत: फाट्यावरच्या पाटीत सरळ जाणाऱ्यांसाठी एकच लांबचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं शहर असावं. एकदा ते नाव लिहिलं की तिथे पोचेपर्यंत प्रत्येक पाटीवर ते आलंच पाहिजे, मध्ये गाळता कामा नये. आणि पुढे पैसे पडणार असतील तर तेही त्याच पाटीवर, नावाला लागूनच लिहावं.

तुमचे अनुभव आणि मतं येऊ द्या. विरोधी मतंही हवी आहेत.

शुभदा_जो:
विषय आवडला, पण पहिल्याच मुद्द्याला विरोध. लांबच्या शहराला जाणारा माणूस त्या रस्त्याने कधीतरी जातो. मधल्या गावांतली माणसं रोज जातात आणि रोज टोल भरतात. मग पाटीवर नाव कोणाचं? जिथे पोचायला अजून पाच तास आहेत त्या शहराचं! आमच्या गावांनी फक्त पैसे द्यायचे का?

मैलकुली:
शुभदाताई, रोज जाणाऱ्याला पाटी लागतच नाही. त्याला कुठला खड्डा कुठे आहे हेसुद्धा पाठ असतं. पाटी ही अनोळखी माणसासाठी असते, आणि अनोळखी माणूस बहुतेक वेळा लांबूनच आलेला असतो.

दिगंत जे म्हणतायत त्याला अमेरिकेत 'कंट्रोल सिटी' म्हणतात. तिथल्या आंतरराज्य महामार्गांसाठी अशा शहरांची यादीच आहे. राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना, आशटो, ती ठेवते. एका पाटीवर दोनपेक्षा जास्त गावं नकोत असंही नियमपुस्तक सांगतं. तरीही टोल रस्त्यांवर वेगवेगळ्या तऱ्हा दिसतात, कारण त्यातले बरेच रस्ते आंतरराज्य महामार्गांची योजना यायच्या आधीचे. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक (टर्नपाइक म्हणजे टोल रस्ताच) १९४० साली सुरू झाला, न्यू जर्सी टर्नपाइक १९५१ साली, आणि आंतरराज्य योजनेचा कायदा आला १९५६ मध्ये. या रस्त्यांची प्राधिकरणं वेगळी, कर्जरोखे वेगळे, पाट्यांची घडणही वेगळी. न्यू जर्सी टर्नपाइकने तर आपली जुनी पाट्यांची पद्धत अगदी अलीकडेपर्यंत जपली होती.

सगळ्यात जास्त वाद झालेलं उदाहरण शिकागोभोवतीच्या टोल रस्त्यांचं. तिथे पाट्यांवर शहराऐवजी चक्क शेजारच्या राज्यांची नावं आहेत: 'इंडियाना', 'विस्कॉन्सिन'. राज्य म्हणजे काही एक ठिकाण नव्हे. तिथे पोचलो असं म्हणायचं तरी कधी, सीमा ओलांडली की झालं?

प्राची_के:
>> राज्य म्हणजे काही एक ठिकाण नव्हे

असहमत. ज्या रस्त्याचं कामच शहराला वळसा घालण्याचं आहे, त्यावर राज्याचं किंवा प्रदेशाचं नाव बरोबरच आहे. वळसा घेणाऱ्याला अजून कुठलंच शहर गाठायचं नसतं, फक्त योग्य बाजूने बाहेर पडायचं असतं. ब्रिटनच्या मोटरवेंवर, म्हणजे तिथल्या जलदगती महामार्गांवर, 'उत्तर', 'नैर्ऋत्य' अशी प्रदेशांची नावं ठळक अक्षरांत असतात आणि लोक त्यावर बिनदिक्कत गाडी हाकतात. लंडनभोवतीच्या एम-२५ वर तर गोल फिरणाऱ्या रस्त्याला लांबचं शहर देणार तरी कुठलं? तिथे पुढे भेटणारे मोटरवे आणि विमानतळ यांचीच नावं देतात, आणि तेच उपयोगाचं आहे.

दिगंत:
प्राची, वळणरस्त्यापुरतं पटलं. रस्ता गोल असेल तर 'पोचेपर्यंत एकच नाव' हा नियम लावताच येणार नाही. पण मग माझा नियम असा वाचा: या जागी माणसाला जो निर्णय घ्यायचाय, तो ज्या नावाने होतो ते नाव लिहा. वळणरस्त्यावर निर्णय बाजूचा असतो, सरळ रस्त्यावर शहराचा.

सुशांत_रानडे_नाही:
मला सगळ्यात जास्त आवडणारी पाटी एकच: 'टोलआधीचा शेवटचा फाटा'. तिच्यावर गावाचं नाव नसलं तरी चालेल. :)

मैलकुली:
सुशांत, ती खरंच अधिकृत पाटी आहे, एमयूटीसीडीमध्ये तिचा नमुना दिलेला आहे. २००९ च्या आवृत्तीत टोलसाठी आणखी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक म्हणजे रस्त्याच्या क्रमांकाच्या ढालीवर पिवळी पट्टी आणि काळ्या अक्षरांत 'टोल'. दुसरं म्हणजे जांभळा रंग. फक्त टॅग किंवा खातं असलेल्यांनीच जायची जी लेन, तिच्यासाठी जांभळा. हा रंग दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, म्हणून लांबून नुसता रंग दिसला तरी अर्थ कळतो.

ओंकार_वाटसरू:
दिगंतच्या शेवटच्या मुद्द्यावर, म्हणजे 'पैसे नावाला लागूनच लिहा' यावर, माझा अनुभव सांगतो. देश आणि रस्ता सांगत नाही.

रात्रीची वेळ, पाऊस, भाड्याची गाडी. समोर कमानीवर दोन पाट्या शेजारी-शेजारी. दोन्हींवर एकाच शहराचं नाव, दोन्हींचे बाण खाली. डावीकडच्या पाटीत, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक हातभर पिवळी पट्टी. त्यावर 'टोल' लिहिलंय हे दिसलं तेव्हा मधली भरीव पांढरी रेषा सुरू झालेली होती. मागे ट्रक. बायको म्हणाली, "आता काही करू नकोस, भरू पैसे." भरले. पण त्या पाटीवर शहराचं नाव माझ्या कमरेइतकं उंच आणि 'टोल' हा शब्द वीतभर, हे काही मनातून जात नाही. ज्याने ती पाटी आखली त्याने दोन्ही माहिती दिलीच होती. फक्त जी माहिती निर्णयाची होती ती लहान केली.

नंतर कळलं की या जागेच्या दीड-दोन किलोमीटर आधी टोलची सूचना देणारी एक वेगळी पाटी होती. ती एका झाडाच्या फांदीमागे.

शुभदा_जो:
ओंकार, वाचूनच हातपाय गार पडले. वहिनींचा निर्णय शंभर टक्के बरोबर. भरीव रेषेवरून ऐनवेळी वळणाऱ्यांमुळेच अपघात होतात. दहा पैसे वाचवायला जीव घालवायचा नाही.

गंधार७:
ओंकारने लिहिलंय ते टोलनाके गेल्यापासून फारच गंभीर झालंय, याकडे कोणी लक्ष दिलेलं दिसत नाही.

पूर्वी पाटी चुकली तरी पुढे नाका होता. गाडी थांबायची, माणूस पैसे मागायचा, टोल आहे हे कळायचंच. आता नाकाच नाही. कॅनडात ओंटारिओचा ४०७ हा रस्ता १९९७ मध्ये सुरू झाला तो सुरुवातीपासून नाक्याविना: टॅग असेल तर टॅग, नसेल तर कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल घरी. डब्लिनच्या एम-५० वरचा नाका २००८ मध्ये काढला. लंडनजवळच्या डार्टफर्ड क्रॉसिंगवरचे अडथळे नोव्हेंबर २०१४ मध्ये काढले. तिथे आता दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत आपण स्वतःहून ऑनलाइन पैसे भरायचे, नाहीतर दंड.

विचार करा, तिथे नाक्याचं सगळं काम पाटीवर येऊन पडलंय. पैसे लागतात, किती वाजता लागतात, कुठे भरायचे, कधीपर्यंत भरायचे, हे सगळं ८०-१०० च्या वेगात सांगायचं. डार्टफर्डला तर रात्री १० ते सकाळी ६ शुल्क नसतं, ही माहितीसुद्धा पाटीवर. परगावच्या माणसाने ती वाचून लक्षात ठेवायची आणि घरी जाऊन आठवणीने भरायचं. पाटी नीट दिसली नाही तर त्याला सरळ दंडाचं पत्रच मिळतं. म्हणून मला वाटतं, गावाचं नाव कोणतं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पैसे पडणार हे किती आधी आणि किती मोठ्या अक्षरांत सांगताय.

दिगंत:
गंधार, फार महत्त्वाचा मुद्दा. नाका नसेल तर पाटीवरचा 'टोल' हा शब्द शहराच्या नावाएवढाच मोठा असला पाहिजे. हे मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं इतकं पटलंय.

रेवती_म:
यावर फ्रान्सची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. तिथे मोटरवे निळ्या पट्टीत आणि इतर मोठे रस्ते हिरव्या पट्टीत दाखवतात. एखाद्या शहराला दोन्हींनी जाता येत असेल तर दोन्ही रंगांत त्याचं नाव मिळतं, आणि निळ्यासोबत 'पेआझ' म्हणजे टोल हा शब्द असतो. लांबूनच कळतं: घाई असेल तर निळा, पैसे वाचवायचे असतील तर हिरवा. फुकटचा रस्ता लपवलेला नाही. बऱ्याच ठिकाणी फुकटच्या रस्त्यावर लांबच्या शहराचं नावच लिहीत नाहीत, जवळच्या खेड्यांची लिहितात. मग परका माणूस आपोआप टोलवर चढतो. हे मुद्दाम असो वा नसो, परिणाम तोच.

सदानंद_पेठे_काका:
रेवती, फ्रान्सचा निळा-हिरवा पाठ करून इटलीत गेलात तर मात्र पंचाईत होईल. तिथे नेमकं उलटं आहे. इटलीत मोटरवे हिरवा आणि साधे मुख्य रस्ते निळे. स्वित्झर्लंडमध्येही मोटरवे हिरवा. जर्मनीत मोटरवे निळा, पण त्याच्या खालचे रस्ते पिवळे. १९६८ च्या व्हिएन्ना करारात पाट्यांच्या आकारांवर, चिन्हांवर बरंच एकमत झालं, पण मोटरवेला निळा घ्यायचा की हिरवा हे प्रत्येक देशावर सोडलं. आल्प्स ओलांडताना बोगद्यातून बाहेर पडलो की रंगांचे अर्थ पालटलेले असतात.

रंगाचा अर्थ देशापुरताच खरा. त्यामुळे 'टोल' हा शब्द किंवा खूण रंगावर न सोडता लिहिलीच पाहिजे, इतकंच माझं म्हणणं.

मैलकुली:
काका, अनुमोदन. स्पेनची तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. तिथे टोल असलेल्या मोटरवेच्या क्रमांकाआधी 'एपी' आणि बिनटोलच्याला नुसता 'ए'. क्रमांक वाचला की टोल कळला, वेगळी पट्टी नको. कल्पना सुरेख. पण टोल कायमचा नसतो ना! भूमध्य समुद्राच्या काठाने जाणाऱ्या एपी-७ च्या मोठ्या भागावरचा टोल २०२१ मध्ये उठला, तरी अक्षरं 'एपी'च राहिली. क्रमांकात टोल गुंफला की मुदत संपल्यावर हजारो पाट्या, नकाशे, सगळंच बदलायची वेळ येते. वेगळी पट्टी असती तर चार स्क्रू काढून उतरवता आली असती.

कस्तुरी_देशकर:
सगळे नकाशे आणि फोन वापरत असताना पाट्यांवर एवढी चर्चा का, असं विचारलं तर रागावणार नाही ना? फोनला 'टोल टाळा' सांगितलं की झालं.

ओंकार_वाटसरू:
रागावत नाही. त्या रात्री फोन होताच की. तो म्हणत होता "डावीकडे राहा", आणि डावीकडे दोन वाटा होत्या, दहा मीटरच्या अंतराने. तेवढा बारकावा फोनच्या नकाशाला कळत नाही. बोगद्यात तर फोन गप्पच होतो. शिवाय नकाशावाले जे "अमुक शहराच्या दिशेने" म्हणतात, ते शहर पाटीवरूनच घेतलेलं असतं. फोनने एक नाव घेतलं आणि पाटीवर दुसरं असेल तर माणूस फोन बघायला मान खाली घालतो, त्यापेक्षा धोक्याचं काही नाही. फोन आल्यापासून पाटीची जबाबदारी वाढलीय असं मी म्हणेन.

कस्तुरी_देशकर:
पटलं. विशेषतः मान खाली घालण्याचा मुद्दा.

अक्षरवेल्हाळ:
थोडं अवांतर, पण राहवत नाही. 'डिझाइन' म्हटल्यावर अक्षरांवर बोललंच पाहिजे!

ब्रिटनमध्ये १९५७ साली मोटरवेंच्या पाट्यांसाठी अँडरसन समिती नेमली. जॉक किनीर आणि त्यांची तरुण सहकारी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ते काम केलं. १९५८ च्या डिसेंबरात प्रेस्टन बायपास खुला झाला, ब्रिटनचा पहिला मोटरवे, आणि त्यावर या पाट्या लागल्या. मग १९६३ च्या वर्बॉय्स समितीने हीच पद्धत सगळ्या रस्त्यांना लावली, १९६५ पासून. वाद किती झाला माहितीय? डेव्हिड किंडर्सली या अक्षर कोरणाऱ्या कारागिराचं म्हणणं, सगळी कॅपिटल अक्षरं वापरा, पाटी लहान होईल आणि लांबून वाचता येईल. चाचण्या झाल्या. त्यात किंडर्सलींच्या अक्षरांची किंचित सरशीही झाली, पण फरक इतका थोडा की समितीने किनीर-कॅल्व्हर्टचीच निवडली.

या दोघांच्या पद्धतीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी. आधी पाटीचा आकार ठरवून त्यात नावं कोंबायची नाहीत. वाहनाच्या वेगावरून अक्षराची उंची ठरवायची, अक्षराच्या रेषेची जाडी हे माप धरून ओळींतलं अंतर, कडेचं अंतर काढायचं, आणि त्यातून पाटी जेवढी मोठी होईल तेवढी होऊ द्यायची. ओंकारच्या पाटीवर उलटं झालं असणार. पाटी ठरलेली, शहराचं नाव लांबलचक, आणि उरलेल्या कोपऱ्यात टोल.

आणि हो, तिथल्या गुरांच्या इशाऱ्याच्या पाटीवरची गाय खरी होती! कॅल्व्हर्टच्या नातेवाइकांच्या शेतावरची, नाव पेशन्स.

प्राची_के:
गाय पेशन्स! आजचा दिवस छान गेला.

गंधार७:
@अक्षरवेल्हाळ, अमेरिकेच्या क्लिअरव्ह्यूबद्दलही लिहा ना.

अक्षरवेल्हाळ:
थोडक्यात लिहितो. रात्री हेडलाइटचा उजेड परावर्तक पत्र्यावर पडला की पांढरी अक्षरं फुगल्यासारखी दिसतात आणि इंग्रजी 'ई', 'ए'च्या पोटातली मोकळी जागा भरून जाते. ती जागा मोठी ठेवून डॉन मीकर आणि जेम्स मॉन्टल्बानो यांनी क्लिअरव्ह्यू हा टाइप घडवला. २००४ मध्ये वापराला तात्पुरती मंजुरी, जानेवारी २०१६ मध्ये ती रद्द, २०१८ मध्ये पुन्हा बहाल. रद्द करताना दिलेलं एक कारण विचार करण्यासारखं होतं: आधीच्या चाचण्यांत जो फायदा दिसला त्यात नव्या, उजळ पत्र्याचाही वाटा होता. म्हणजे नुसत्या अक्षरांना श्रेय देऊन चालणार नाही. जुना, मळलेला, परावर्तन गेलेला पत्रा बदलला तरी पुष्कळ फरक पडतो.

रेवती_म:
मग देवनागरीचं काय? आपल्या अक्षरांना शिरोरेषा, वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. वेगात वाचताना हे फायद्याचं की तोट्याचं?

अक्षरवेल्हाळ:
रेवती, दोन्ही. फायदा असा की नावाची वर-खाली जाणारी बाह्यरेषा वेगवेगळी होते, त्यामुळे ओळखीचं नाव आकृतीवरूनच लक्षात येतं. तोटा असा की मात्रा आणि उकारांसाठी वर-खाली जागा सोडावी लागते, मग तेवढ्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षर लहान होतं. जोडाक्षर आलं की रेषा आणखी गर्दी करतात आणि रात्री त्याच फुगून एकमेकींत मिसळतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा गाठीचा किंवा फटीचा आहे. फुगलेल्या उजेडात सगळ्यात आधी तीच बुजते. उपाय असा की रेषा थोडी बारीक, फट मुद्दाम मोठी, आणि देवनागरी ओळीची एकूण उंची रोमनपेक्षा जास्त धरायची. दोन्ही लिप्यांना एकच उंची दिली की देवनागरी हरते.

जपानमध्ये असाच प्रश्न होता. तिथल्या टोल मोटरवेंच्या जुन्या पाट्यांवर अवघड कांजी अक्षरांतल्या काही रेषा चक्क गाळलेल्या असत, लांबून गिचमीड दिसू नये म्हणून. २०१० पासून नव्या पाट्यांवर तयार छापील टाइप आणला. जुन्या अक्षरांवर प्रेम करणारे आजही पुष्कळ आहेत.

सदानंद_पेठे_काका:
दोन लिप्या, दोन भाषा म्हणजे ओळी दुप्पट, आणि सेकंद तेवढेच. आयर्लंडमध्ये आयरिश नाव तिरक्या अक्षरांत आणि इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहितात. नजर पहिल्याच क्षणी आपली ओळ निवडते, दुसरी वाचावी लागत नाही. देवनागरी आणि रोमन तर मुळातच वेगळ्या दिसतात, तेव्हा हा फायदा आपल्याला आयताच मिळतो. फक्त क्रम प्रत्येक पाटीवर तोच हवा. एका पाटीवर देवनागरी वर आणि पुढच्यावर खाली, असं झालं की नजर चुकते.

सुशांत_रानडे_नाही:
पाट्यांच्या गंमतीत एक भर. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ जिथे आय-७० हा आंतरराज्य महामार्ग सुरू होतो तिथे अंतरं दाखवणारी एक पाटी आहे: शेवटची ओळ 'कोव्ह फोर्ट २२००'. बावीसशे मैल! आणि कोव्ह फोर्ट म्हणजे युटामधली अगदी नगण्य वस्ती, रस्ता तिथे संपतो म्हणून तिचं नाव. दिगंत, 'पोचेपर्यंत एकच नाव' म्हणजे असं का? :)

दिगंत:
हा हा, नाही. शहर सगळ्यांना ठाऊक असलेलं हवं, हीच अट होती. पण ती पाटी मला फार आवडते, रस्ता कुठवर जातो हे एका ओळीत कळतं. निर्णयाच्या जागी मात्र ती नको.

मैलकुली:
सलगतेचा विषय निघालाय तर आय-९५ बद्दल लिहायलाच हवं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने जाणारा हा मुख्य महामार्ग न्यू जर्सीत कित्येक दशकं तुटलेला होता. ठरलेला एक तुकडा स्थानिक विरोधामुळे रद्द झाला. फिलाडेल्फियाहून उत्तरेला न्यू यॉर्ककडे निघालेला माणूस ट्रेंटनजवळ आला की आय-९५ गायब व्हायचा, आणि त्याच रस्त्यावर दुसराच क्रमांक सुरू व्हायचा. मग मधल्या रस्त्यांवरच्या पाट्या शोधत टर्नपाइकवर जायचं. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक आणि आय-९५ एकमेकांना ओलांडत होते, पण तिथे एकमेकांवर उतरायला वाटच नव्हती! ती वाट सप्टेंबर २०१८ मध्ये खुली झाली. तोपर्यंत क्रमांकाच्या भरवशावर राहता येत नव्हतं. माणसाला आधार होता तो फक्त पुढच्या पाटीवर 'न्यू यॉर्क' पुन्हा दिसण्याचा. दिगंतचा 'नाव गाळू नका' हा नियम त्यामुळे मला क्रमांकापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

शुभदा_जो:
सगळं वाचतेय, शिकतेय. पण माझ्या पहिल्या प्रश्नाला बगल मिळालीय. मधल्या गावांचं काय? रोज जाणाऱ्याला पाटी लागत नाही हे मान्य. पण आमच्या गावच्या रुग्णालयात पाहुणे येतात, मुलाखतीला मुलं येतात. त्यांनी वीस मिनिटं फक्त लांबच्या शहराचं नाव वाचत जायचं आणि आपलं गाव मागे गेलं की पुढे आहे हेच कळू नये? टोल रस्त्यावर मागे गेलं असेल तर दुप्पट पैसे, हे तुम्हीच लिहिलंय.

दिगंत:
शुभदाताई, बगल दिली नव्हती, पण उत्तर अपुरं राहिलं हे खरं. तुमच्या पाहुण्यांसाठी दुसरी पाटी आहे आणि ती फाट्यावरची नव्हे. फाटा ओलांडल्यावर काही अंतराने जी अंतरं दाखवणारी पाटी येते, ती. अमेरिकी नियमपुस्तकात तिच्या तीन ओळी अशा आहेत: सगळ्यात वर पुढचा फाटा किंवा गाव, सगळ्यात खाली लांबचं मुख्य शहर, आणि मधे वाटेतलं महत्त्वाचं ठिकाण. तिथे कोणालाच लेन बदलायची नसते, म्हणून तीन नावं वाचायला सवड असते. तुमचं गाव आधी मधल्या ओळीत येईल, मग वरच्या ओळीत, आणि मग फाट्याच्या पाटीवर बाणासकट. मागे गेलं की नाही, हा संशयच उरणार नाही.

माझा आग्रह निर्णयाच्या पाटीपुरता आहे: दोन दिशा, प्रत्येकीला फार तर दोन नावं, आणि टोल असेल तर तेवढ्याच ठळक अक्षरांत टोल.

शुभदा_जो:
ही मधल्या ओळीची गोष्ट आवडली. पण ती प्रत्येक फाट्यानंतर असायला हवी. आमच्याकडच्या रस्त्यावर ती एकदा लावून विसरलेत. आणि मधल्या ओळीत कोणतं गाव हे टोल कंपनीने ठरवू नये. नाहीतर तिथे स्वतःच्या उपाहारगृहाचा थांबा लिहितील.

गंधार७:
अगदी. ज्याला जास्त अंतरावर जास्त पैसे मिळतात, त्याच्या हातात पाटीवरची नावं नकोत. यादी सरकारने करावी, लोकांसाठी खुली ठेवावी, आणि कंत्राटदाराने फक्त खांब उभे करावेत, पत्रा पुसावा आणि फांद्या छाटाव्यात. ओंकारच्या त्या झाडासकट.

सदानंद_पेठे_काका:
शुभदा, एक अडचण राहते. तीन ओळी, दोन लिप्या म्हणजे सहा ओळी. त्या एका पाटीत घातल्या तर अक्षरवेल्हाळ म्हणतात तसं देवनागरी बारीक होणार.

अक्षरवेल्हाळ:
काका, त्या पाटीला घाई नसते, म्हणून दोन पाट्या करता येतील. आधी देवनागरी, तीनशे-चारशे मीटरवर रोमन, अंतराचे आकडे दोन्हींवर. खांबांचा खर्च वाढेल, पण प्रत्येक नावाला हवी तेवढी उंची मिळेल. फाट्याच्या पाटीवर मात्र दोन्ही लिप्या एकत्रच हव्यात, तिथे विभागून चालणार नाही. म्हणून तर तिथे एकच गाव.